सुट्टीतल्या नूडल्स आणि मंगळवारची गाडी

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी.

काय गं हात्सुनो, आठवतंय का काही? की कपाळावर चष्मा ठेवून घरभर शोधतेस तसं हेही विसरलीस? तुलाच म्हणतेय. म्हणजे मलाच. पुढे कधी कुणाकडून हे वाचून घेशील आणि विचारशील, मी कधी गेले होते फुकुओकाला? म्हणून लिहून ठेवतेय.

लिहितेय म्हणजे सांगतेय. शाळेच्या वयात मी दुसऱ्यांची पोरं पाठीला बांधून हिंडत होते, अक्षरं तेवढी राहून गेली. लिहिणारी माझी सून, फुसाए. अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला काय, मुंग्याच दिसतात. तिला बजावलंय, हे माझं खासगी आहे. हात चालव, डोकं नको.

तर मी सुट्टीवर आहे. माझा मुलगा कात्सुमी स्वतः गावी येऊन मला घेऊन आला. फार जबाबदार पोरगा. आठवडाभराच्या सुट्टीसाठी त्याने सगळ्या खिडक्यांना बर्फ अडवायच्या फळ्या ठोकल्या, नळातलं पाणी काढून टाकलं, कोंबड्या शेजारच्या इसोकडे पोचवल्या. देवघरातली ह्यांच्या नावाची पाटीसुद्धा मऊ कापडात गुंडाळून बॅगेत घेतली. हे फेब्रुवारीत गेले. जन्मभर शेत सोडून कुठे गेले नाहीत. आता त्यांनाही सुट्टी.

संकल्प: कात्सुमीला सांगायचं, मंगळवारच्या गाडीत मला बसवून दे. बर्फ पडायच्या आत मला माझ्या घरी जायचंय. जेवताना सांगेन. भरल्या तोंडाने माणसाला नाही म्हणता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.

कात्सुमी कामावर. फुसाएने स्टेशनमागच्या नूडल्सच्या दुकानात नेलं. स्वस्त आहे म्हणून नेलं, हेही लिही. सुट्टीवरच्या सासूला तरी भारीतलं खाऊ घालावं.

अरुंद बोळ, एक लांब फळी, पुढे स्टुलं. डोक्याला फडकं बांधलेला मालक विचारतो, नूडल्स कडक, मध्यम की मऊ? इकडची माणसं कडकच खातात म्हणे. मग मीही कडकच म्हटलं. फुसाए कानात कुजबुजली, आई, कवळी आहे. मालकाचे कान तिखट. म्हणाला, आजी, दात स्वतःचेच ना? म्हटलं, पैसे देऊन घेतलेत, म्हणजे स्वतःचेच. सगळी फळी हसली.

चावल्या नाहीत. गिळल्या.

चव? गरम होत्या. फेब्रुवारीपासून सगळं एकतर गरम लागतं नाहीतर गार. डॉक्टर म्हणाला, जीभ ठणठणीत आहे. त्याचीच तपासून घ्यायला हवी.

कात्सुमी नव्हताच, त्यामुळे बोलणं झालं नाही. उद्या नक्की.

१६ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी.

आज कात्सुमी बरोबर होता. बेत पक्का होता. पण हे दुकान बोलण्यासाठी नाहीच. सगळी डोकी वाडग्यात, सुर्र सुर्र आवाज, आणि मागे रांगेतली माणसं मानेवर श्वास सोडताहेत. बोलत बसलं की नूडल्स फुगतात. मी एकदा म्हटलं, कात्सुमी, मंगळवारी... तो म्हणाला, आई, आधी खा, फुगतील.

ठीक. म्हटलं, संपल्यावर बोलू. मी सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. टाकायचं कशाला? तेवढ्यात कात्सुमीने आणखी नूडल्स मागवल्या. इथे तशी पद्धत आहे, उरलेल्या सूपमध्ये नुसत्या नूडल्स घालून देतात. म्हणजे अजून थोडा वेळ मिळणार! मीही जोरात ओरडले, मलापण!

मालक गाळणीत नूडल्स घेऊन आला आणि माझ्या वाडग्यात बघत उभा राहिला. कोरडा ठणठणीत. म्हणाला, आजी, ह्या पोहणार कशात? पुन्हा सगळी फळी हसली. मीही हसले. मुद्दामच प्यायले होते, उत्तरेकडची रीत वेगळी असते, असं सांगितलं. नाहीये तशी रीत.

कात्सुमीने आपल्या वाडग्यातलं सूप माझ्या वाडग्यात ओतलं. सगळं. आणि स्वतःच्या नूडल्स तशाच कोरड्या खाल्ल्या.

आता ह्यावर मी लगेच कसं म्हणणार, की मला तुझ्याकडे राहायचं नाही? बरं दिसत नाही.

चव? गरम.

१७ नोव्हेंबर, रविवार.

दुकान बंद. घरीच.

फुसाएने ह्यांच्या पाटीसमोर भात ठेवला. पाटीसाठी भिंतीवर नवी फळी बसवली आहे. चांगल्या लाकडाची. म्हटलं, चार दिवसांसाठी भोकं कशाला पाडलीत भिंतीला? ती भाताचा वाडगा सरळ करत बसली. आत्ता लिहिता लिहिता थांबली आहे. लिही गं बाई. शाई वाळेल.

मला वाईट वाटलं का? नाही. काहीच वाटलं नाही. गुडघे मुडपून फार वेळ बसलं की पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटतात, तसं.

उद्या शेवटची संधी. कात्सुमीच्या जेवणाच्या सुट्टीत.

१८ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी.

सांगितलं!

नूडल्स यायच्या आधीच सांगितलं. ह्याला म्हणतात डोकं. म्हटलं, कात्सुमी, उद्याच्या गाडीत मला बसवून दे, माझं मी जाईन. त्याने खायच्या जोडकाड्या हातात धरल्या, पण एकमेकींपासून तोडल्या नाहीत. म्हणाला, आई, गावच्या घराची वीज तोडायला सांगितली आहे. गेल्या थंडीत तू छपरावरचा बर्फ काढायला एकटी चढली होतीस, इसोमावशीने फोन करून सांगितलं मला. मी म्हटलं, चढले तशी उतरलेही. तो म्हणाला, घसरत उतरलीस. इसोची जीभ कापायला हवी. डॉक्टरच्या जिभेनंतर.

मग वाडगे आले. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. त्याने तो पुसला नाही, तसाच खात राहिला, त्यामुळे डोळे दिसले नाहीत. मागे रांग होती. उठलो.

एकंदरीत बोलणं चांगलं झालं. त्याने नाही असं म्हटलं नाही.

एकच गोष्ट खटकली. मालकाने आज कडक की मऊ हे विचारलंच नाही. सरळ मऊ आणून ठेवल्या, कवळीला झेपतील अशा. आणि निघताना ओरडला, आजी, उद्याही नेहमीचंच ना?

नेहमीचं! सुट्टीवर आलेल्या माणसाचं कधी नेहमीचं असतं का? मी त्याला खडसावणार होते. पण तोंडातून हो गेलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.

गाडी सकाळची होती. गेली असेल.

सुट्टी वाढवली आहे. मीच वाढवली, कुणी सांगितलं म्हणून नाही. बर्फ वितळेपर्यंत. मग बघू.

दुपारी दुकानात गेले, एकटी. खाल्लं. सूप थोडं ठेवलं. शेजारच्या स्टुलावरच्या बाईने विचारलं, कुठे राहता? मी बोट दाखवलं, त्या निळ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नंतर लक्षात आलं की ती फुकुओकात कुठे असं विचारत नव्हती, माझ्या बोलीवरून गाव विचारत होती. पुन्हा सांगायचा कंटाळा आला.

फुसाए, आता इसोला दोन ओळी लिही. चुगलीबद्दल तिच्याशी नंतर बोलेन, हे आधी. मग लिही, की पडवीतलं, कोंड्यात मुरत घातलेल्या मुळ्याच्या लोणच्याचं पिंप पाठव. निम्मं नको, सगळंच. अर्धं काढून डब्यात घालू नकोस, कोंडा हलवू नकोस, वरचा दाबाचा दगडही त्यातच राहू दे. अजून मुरलेलं नाही, माहीत आहे मला. तसंच पाठव. इथे मुरेल.