सातव्या प्रश्नाचं उत्तर

४ सप्टेंबर, सोमवार

एजंट येऊन गेला. तीन मजले चढून धापा टाकत आला आणि पहिलं वाक्य काय — "काकू, तुमचं वय म्हणजे सोनं आहे!" सदुसष्ट! सत्तरीच्या आत तपासणी लागत नाही, नुसता फॉर्म भरायचा, म्हणून सोनं. अकरा प्रश्न. अकराही ठिकाणी "नाही" लिहायचं आणि सही ठोकायची. "डोळे मिटून लिहा," म्हणाला.

गेल्या वर्षी हाच एजंट, हीच खोली. तेव्हा त्याच्यासमोर हे बसले होते. मी आत चहा करत होते.

लेकीचं बाळंतपण ऑक्टोबरअखेर आहे. माझं तिकीट सात ऑक्टोबरचं. तीन महिने राहायचं. विमा काढल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, ही तिची अट.

५ सप्टेंबर, मंगळवार

पुस्तिका वाचायला घेतली — मागून. जुनी खोड. चाळीस वर्षं छापखान्याच्या बांधणी खात्यात दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. शाळा चौथीत सुटली, खरं वाचायला मी तिथंच शिकले. छापून आलेले सुटे कागद, पानं उलटसुलट. एखादा माणूस आधी मरायचा आणि त्याचं लग्न दुसऱ्या गठ्ठ्यात सापडायचं. हसू यायचं तेव्हा.

पुढच्या रंगीत पानांवर समुद्रकिनारी हसणारे म्हातारा-म्हातारी. काय काय मिळणार नाही, ते मागे, बारीक टायपात. बाविसाव्या पानावर "मृतदेह मायदेशी पाठवणे". पेटीचा खर्च मिळतो. ती पेटी इथं उतरवून घ्यायला कोण येणार, ते लिहिलेलं नाही.

सातवा प्रश्न तीनदा वाचला. "छातीत दुखणे, धाप, चक्कर यांसाठी आपण गेल्या चोवीस महिन्यांत वैद्यकीय सल्ला किंवा उपचार घेतला आहे का?"

दुखतं का, असं विचारलेलंच नाही. सल्ला घेतला का, एवढंच.

६ सप्टेंबर, बुधवार

दुपारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ह्यांचीच. उठताना मागे रेटायची सवय होती, फरशीवर अजून चरे आहेत. मी वळून पाहिलं नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार

लेकीचा फोन. आधी पोटातल्या बाळाच्या लाथा, मग गाडी रोजच्या रुळावर. "आई, कुठं काही दुखतंय का? खरं सांग. तारीख पुढं गेली तरी चालेल."

"ठणठणीत आहे गं मी."

"फॉर्मवर सगळं खरं लिही. काही लपवू नकोस. शपथ आहे माझी."

शपथ घालणारी पोर नाही ही. लहानपणी कुणी शपथ घातली तर फिदीफिदी हसायची. हे वारल्यापासून प्रत्येक फोनवर हेच — खरं सांग, खरं लिही. फोन ठेवला की मनात येतं — तिला कळलंय का? ह्यांनी तिला काही सांगितलं होतं का?

१० सप्टेंबर, रविवार

एजंट लॅपटॉप घेऊन आला. माझा मोबाईल नंबर टाकला तर पडद्यावर आपोआप दोन प्रवासी उमटले. पहिले हे, दुसरी मी. ह्यांचं वय एका वर्षानं वाढलेलं! मशीनला वाटतं माणसं वाढतच राहतात.

एजंट गडबडला. "गेल्या वर्षीचा डेटा आहे काकू. काढून टाकतो."

"थांबा. मी काढते."

बटण दाबलं. मशीननं विचारलं, "या प्रवाशाला नक्की वगळायचं आहे का?" मी चष्मा पुसला. एजंट खिडकीबाहेर बघत बसला, एवढं कळतं त्याला. मग "हो" दाबलं.

प्रश्न सुरू झाले. सातव्यावर आलो तेव्हा म्हटलं, आज राहू दे, डोकं दुखतंय.

"डोकं दुखण्याचा कॉलम नाहीये त्यात!" असं म्हणून तो हसला. मीही हसले.

खरं कारण — परवा दुसऱ्या मजल्यावर भिंत धरून उभी राहिले होते. डोळ्यांपुढं काळं. छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडलं आणि थांबलं. महिन्याभरात तिसऱ्यांदा.

११ सप्टेंबर, सोमवार

काही नाही. घर झाडलं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

टोचणी आली होती. बांधणी खात्यात माझ्या शेजारी पंचवीस वर्षं बसली. सुईपेक्षा जिभेनं जास्त टोचते म्हणून हे नाव. तिला फडफडीचं सांगितलं.

"मग डॉक्टरीणबाईंकडं जा की!"

"गेले तर कागदावर येईल. कागदावर आलं की सातव्याला 'होय' लिहावं लागेल. मग छातीचं काही झालं तर कंपनी हात वर करणार. नाहीतर पॉलिसीच देणार नाही."

"आणि न जाता तिकडं आडवी झालीस तर?"

"तर सल्ला घेतला नव्हता, हे खरंच असेल."

तिनं कप खाली ठेवला. "अगं, मरायचं तरी सरळ मर! मेल्यावर सुद्धा फॉर्म बरोबर भरलेला हवा का तुला?"

नेहमीसारखं हसायला जमलं नाही. ती गेल्यावर कपबश्या विसळताना मागून ह्यांचा आवाज, अगदी कानाशी — "दाखवून येऊ का?" एवढंच. दोन शब्द नाहीत, तीन. बशी फुटली नाही, हातातच राहिली. पाणी किती वेळ वाहत होतं कोण जाणे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा तेच. आज कपडे वाळत घालताना. "दाखवून येऊ का?"

१८ सप्टेंबर, सोमवार

लिहून टाकते. वर्षभर ह्या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही. कुणी वाचेल म्हणून नव्हे, मीच वाचेन म्हणून.

गेल्या ऑक्टोबरात, मंगळवार होता. मी पलंगावर बॅगेत भरायचे कपडे घड्या घालून लावत होते. हे दारात उभे. म्हणाले, "दोन-चार दिवस छातीत ओढल्यासारखं होतंय. दाखवून येऊ का?"

मी मान वर केली नाही. स्वेटरच्या बाह्या दुमडत होते. मी म्हणाले, "आता नको. कागदावर येईल. शुक्रवारी पॉलिसी हातात पडतेय. तिकडं गेल्यावर दाखवू. गॅस असेल, आल्याचा चहा देते."

फॉर्म एजंटनं आदल्या आठवड्यात भरून घेतला होता, पण पॉलिसी पक्की व्हायची होती. त्या मधल्या दिवसांत काही झालं तर कंपनीला कळवावं लागतं, असं बारीक टायपात होतं. ते मीच शोधून काढलं होतं. मीच! घरात सगळे माझं कौतुक करायचे — हिच्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नाही.

हे "बरं" म्हणाले. चहा प्यायले. शुक्रवारी पॉलिसी आली. आणि पुढच्या शुक्रवारी भर दुपारी स्टुलावर बसून बूट घालत होते, एक घातला, दुसरा हातात.

कागद अगदी स्वच्छ होता. कुठंही डाग नाही.

लेकीला मी एवढंच सांगितलं — अचानक झालं, काहीच त्रास नव्हता. ती फोनवर ओरडली होती, "काहीच नव्हता?" मी म्हटलं, काहीच नव्हता.

२० सप्टेंबर, बुधवार

लिहिल्यावर हलकं वाटेल असं पुस्तकांत असतं. पुस्तकं शिवणाऱ्या बाईनं तरी त्यावर विश्वास ठेवायला नको होता.

पण एक झालं. आज सकाळी जिन्यात फडफड आली आणि मनात पहिला विचार आला — सात तारखेपर्यंत काढू कसंतरी, तिकडं गेल्यावर दाखवू. शब्दसुद्धा तेच! कठड्याला धरून उभी राहिले आणि स्वतःचीच भीती वाटली. नवऱ्याला जे सांगितलं तेच आता स्वतःला सांगतेय. आणि मी तिकडं बूट घालता घालता गेले तर? बाळंतीण पोर, जवळ तान्हं, आणि समोर आईचा देह — आणि ती तरी कुणाला सांगणार, "काहीच त्रास नव्हता"?

२२ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंकडं गेले. टोचणी बरोबर आली, बाकावर बसून राहिली.

बाईंनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. छातीवर वायरी लावून कागदाची लांब पट्टी काढली. "ठोका चुकतोय. रक्तदाबही वर आहे. किती दिवस?"

"दीड महिना."

"आणि आज येताय?"

त्या लिहायला लागल्या. पेन कागदावर चाललेलं बघत होते. शेवटी विचारलंच, "हे सगळं लिहावंच लागतं का?"

त्यांनी पेन थांबवलं. "माणसं मला हे फार विचारतात," म्हणाल्या. आणि पुढं लिहीत राहिल्या.

दोन गोळ्या. आठ दिवसांनी पुन्हा पट्टी. ठोके सुधारले तर जाता येईल, नाहीतर तिकीट पुढं ढकला. बाहेर आले तर टोचणीनं कागद हातातून ओढून घेतला. "बघू! अरे वा, नाव तरी बरोबर लिहिलंय!" आणि रस्ताभर माझा दंड सोडला नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार

एजंट वैतागला. "काकू, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात! मी सांगितलं होतं ना, नुसतं नाही नाही नाही —"

"गेल्या वर्षी तेच लिहिलं होतं," मी म्हटलं.

त्याला सगळं ठाऊक नाही. पण त्यानं बॅगेतून तीन पुस्तिका काढल्या, जमिनीवर मांडी घातली आणि माझ्याबरोबर वाचत बसला. मीच त्याला मागून वाचायला शिकवलं! पहिली कंपनी "होय" म्हटल्यावर दारच लावते. दुसरी विमा देते, पण हृदयाचं काहीच नाही. तिसरी महाग, पण आधीपासूनचा आजार असला तरी जिवावर बेतलं तर स्थिर होईपर्यंतचा खर्च देते, एका मर्यादेपर्यंत. मात्र डॉक्टरांचं पत्र हवं आणि सातव्याला "होय".

"हीच घ्या," तो म्हणाला. "माझ्या आईसाठी सुद्धा मी हीच —" आणि मग म्हणाला, "खरं सांगू? आईचा फॉर्म मी नाही-नाही करूनच भरलाय. आज जाऊन बदलतो."

सातव्यासमोर "होय" लिहिलं. खाली दोन ओळींची जागा असते तपशिलाला. माझं अक्षर मोठं. मावलं नाही, समासात गेलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार

गोळ्यांनी तोंड कडू. फडफड एकदाच. खुर्ची गप्प आहे, पण मी कान देऊनच असते.

लेकीला सगळं समोरासमोर सांगायचं ठरवलंय. फोनवर नको. बाळंतपण होऊ दे, चाळीस दिवस जाऊ देत. मग तिच्यापुढं बसून सांगेन — तुझे बाबा विचारत होते, मीच नको म्हटलं. मग तिनं मला ठेवावं की परत पाठवावं, ती तिची मर्जी.

३० सप्टेंबर, शनिवार

पट्टी बरी आली. डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं. संध्याकाळी पॉलिसी आली. एकच प्रवासी.

१ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. सांगितलं तिला — ठोका चुकतो, डॉक्टरांना दाखवलं, फॉर्मवर "होय" लिहिलं, तरी विमा मिळाला. वाटलं रागावेल. तिकडून हुंदका.

"आई, बाबांनी मला सांगितलं होतं. गेल्या वर्षी, रविवारच्या फोनवर, तू खाली गेली होतीस. छातीत ओढतंय म्हणाले. मी म्हटलं, आता डॉक्टरकडं जाऊ नका, विमा अडेल, इथं आलात की मी दाखवते. आईला सांगू नका, ती घाबरेल. मी थांबवलं गं त्यांना. मी मारलं बाबांना."

रविवारी तिनं. म्हणजे मंगळवारी हे दारात येऊन उभे राहिले ते दुसऱ्यांदा विचारायला. कुणीतरी "जा" म्हणेल म्हणून.

मी म्हटलं, "वेडी आहेस. तुझ्या फोनच्या आदल्या दिवशीच त्यांनी मला विचारलं होतं. शनिवारी. मीच नको म्हटलं होतं. रविवारी तू काहीही म्हणाली असतीस तरी ते गेले नसते, माझ्या शब्दाबाहेर होते का ते कधी? तुझा काही संबंध नाही."

"शनिवारी? नक्की?"

"नक्की. शनिवारीच."

बराच वेळ रडली. मग म्हणाली, "तू ये. लवकर ये."