‘नित्यनवल’ या नावाच्या हक्काबाबत

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, चित्रपटांच्या कॅसेटी भाड्याने देणाऱ्या दुकानाची माजी मालकीण, रुग्णालयाच्या खोलीत उशीला टेकून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. उद्या सकाळी आठला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझे धाकटे दीर बाहेरच्या बाकावर बसले आहेत, पण त्यांना मीच बोलावले आहे, पंधरा वर्षांनी.

१. राहते घर भाचीला. आजारपणात तिने माझे सगळे केले आणि “मावशी, आता पुरे” असे एकदाही म्हणाली नाही. मनात नक्की आले असेल.

२. उरलेल्या कॅसेटी आणि फीत जोडण्याचे यंत्र शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला. दातांच्या डॉक्टरांनी नेलेली रहस्यपटाची कॅसेट आजतागायत परत आलेली नाही. ती त्यांना माफ. मात्र त्यांनी दुकानात उभे राहून गिऱ्हाइकांना शेवट सांगितला होता, ते माफ नाही.

३. आता मुद्द्याचे. आमच्या दुकानात काही चित्रपट असे होते की ते कुठल्या फळीवर ठेवायचे तेच कळेना. एकात घराच्या जिन्याला रोज एक पायरी वाढते आणि घरातली माणसे भांडतात ती पायरी कोणी झाडायची यावरून. दुसऱ्यात वारलेले सासरे रोज जेवायला येतात आणि सून एवढेच विचारते, “भात वाढू का?” भीतिपटांत ठेवले तर लोक म्हणत, भूत कुठे आहे? विनोदी फळीवर ठेवले तर म्हणत, हसायचे कुठे? यजमान म्हणायचे, “त्यांना ‘इतर’ म्हण आणि मोकळी हो.” मला ते पटेना. नाव नसलेली गोष्ट कोणी मागत नाही.

चोवीस वर्षांपूर्वी मी त्या फळीवर पाटी लावली: नित्यनवल. लोक नावाने मागू लागले. दीर वर्तमानपत्रात चित्रपटांवर लिहायचे आणि संध्याकाळी आमच्याच गल्ल्यापाशी बसायचे. पुढे त्यांचे पुस्तक आले. त्यात लिहिले होते की हे नाव त्यांना सुचले.

त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मी भर सभेत दुकानाची वही उघडली. तारीख होती, माझे अक्षर होते. पण ते पान अर्धेच होते. दीर ओरडले, “वहिनी, खालचं अर्धं कुठंय?” मी म्हणाले, “उंदरानं कुरतडलं.” लोक हसले. त्यांचे सदर महिन्याभरात बंद झाले. घरी आल्यावर यजमान एवढेच म्हणाले, “उंदराला वाचता येतं वाटतं.” त्यानंतर भाऊ भावाच्या दारात आला नाही. नऊ वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हा दीर फाटकापर्यंत आले आणि तिथूनच वळले.

४. ते पान सभेच्या आदल्या दिवशी मी स्वतः फाडले. आमच्या दुकानावरच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहत. जिन्याचा चित्रपट परत करताना त्या म्हणाल्या होत्या, “यात कसलं नवल? नित्याचंच आहे. पायरी वाढो नाहीतर मजला, झाडायचं बाईनंच.” मी ते वहीत टिपले आणि त्यातले दोन शब्द जोडून घेतले. दिरांनी माझ्याकडून चोरले, मी बाईंकडून. त्यांची चोरी उघडी पडली, माझी झाकली गेली.

चित्रपटकोश येत्या आठवड्यात छापायला जाईल. त्यात हे नाव माझ्या नावावर आहे. माझ्यासमोर बसलेल्या वकीलबाईंनी ही नोंद दुरुस्त करून घ्यावी. मी उद्या जगले, तरीही.

“मग त्यांना आत बोलावून आत्ताच सांगा ना,” वकीलबाई म्हणाल्या.

“दीर आहे हो बाहेर,” मी म्हणाले, “धीर नाही.”

५. दिरांना मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही आणि मला त्यांचीच सही हवी आहे.

पुरवणी. दीर आत आले. वकीलबाई म्हणाल्या, “साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते.” ते म्हणाले, “या बाईंच्या कागदावर मी न वाचता सही करणार नाही.” उभ्यानेच वाचू लागले. चौथ्या कलमापाशी थांबले. मागे जाऊन पुन्हा वाचले. माझ्या उशाशी लावलेल्या यंत्राचा आवाज वाढला तशी परिचारिका धावत आली. मी तिला हाताने थांबवले.

“ते अर्धं पान?”

मी पाकिटातून काढून दिले. त्यांनी ते वाचून दोन्ही हातांत धरले. मला वाटले, आता फाडतात की काय.

“वहिनी, या शिवणाऱ्या बाईंचं नाव काय?”

मी आठवू लागले. वहीत ‘वरच्या बाई’ एवढेच होते. दीर रोज त्यांच्याकडून चहा मागवून प्यायचे, त्यांनाही आठवेना.

“लिहा,” ते मला म्हणाले, “नाव मी शोधून काढीन. तोवर कोशवाल्यांना जागा कोरी ठेवायला सांगा.”

तसे लिहिले आहे.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: (सही) नाते: दीर. वाचून सही केली.
साक्षीदार २: (सही) परिचारिका, दिवसपाळी

स्थळ: रुग्णालय, खोली सात
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारी चार वाजून दहा मिनिटे