बातमी न देणारे पाय

राजमान्य राजश्री मित्रवर्य ढापण्या यांस,

बाकावरच्या जुन्या शेजाऱ्याचं कडकडून आलिंगन. प्रकृती कशी आहे? नवी कवळी बसली का? वहिनींना नमस्कार सांग. माझं विचारशील तर कमरेपर्यंत मी ठणठणीत आहे. त्याखालचं वर्तमान मला स्वतःलाच कळत नाही, आणि घरात सगळा गोंधळ त्यावरूनच चालू आहे.

त्याचं असं झालं. गेल्या मंगळवारी वाचनालयात निघालो. कोवळं ऊन, रिकामा रस्ता, आणि ओठांवर आपल्या पाचवीतली ती दवात भिजलेल्या गवतावरून अनवाणी चालण्याची कविता. (मास्तर ती म्हणताना डोळे मिटायचे आणि मागची दोन बाकं तेवढ्यात डबे संपवायची.) चारही कडवी म्हणत तल्लीन होऊन पोचलो. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, दुसरी चप्पल मागून येतेय का?" डावा पाय खरोखरच अनवाणी होता. खडीवरून तसाच आला होता, टाचेत काचेचा तुकडा घेऊन, आणि दारापासून टेबलापर्यंत लाल ठिपके उमटवत. मला पत्ता नाही.

झालं. चिरंजिवांनी मला मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. नातीच्या वयाची मुलगी. पायांना तारा जोडून विजेचे चटके दिले आणि पडद्यावरच्या लाटा बघत बसली. मग सूनबाईंकडे वळून (मी जणू खुर्चीचाच भाग) म्हणाली की या तंतूंच्या जाती असतात. काही वरून खाली हुकूम नेतात: ऊठ, चाल, लाथ मार. काही खालून वर बातमी आणतात: टोचलं, भाजलं, जमीन लागली. माझे हुकूमवाले चोख आहेत, बातमीवाले तळपायापाशी संपावर गेलेत. तिसरी जात कुणाला विचारतच नाही. काळीज, घाम, आतडी परस्पर चालवते. (आमच्या सूनबाई घर चालवतात तशी.) मी मुळीच घाबरलेलो नाही, असं मी ठासून सांगत असतानाच या तिसऱ्या जातीने माझ्या तळहातांना असा घाम फोडला की बाईंनी टॉवेल पुढे केला. घरभेदी मेले.

आता चिरंजिवांचं फर्मान निघालं आहे: एकट्याने बाहेर पडायचं नाही. मी त्याला समजावलं की ज्या कचेरीत मी चौतीस वर्षं काढली तिथे साहेबांचे हुकूम शिपायापर्यंत बिनबोभाट पोचायचे आणि शिपायाचं गाऱ्हाणं पहिल्या जिन्यावरच मरायचं. छप्पर गळतंय हे साहेबांना डोक्यावर पडेपर्यंत कळलं नाही, तरी त्यांना बढती मिळाली. मग बंदी माझ्याच फिरण्यावर का? यावर म्हणतो, "बाबा, साहेबांच्या टाचेत काच नव्हती." (गणितात हुशार म्हणून याला कवितेच्या तासाला कुणी धरून बसवलं नाही, त्याची ही फळं.)

ढापण्या, दिवसातली वाचनालयापर्यंतची ती पंधरा मिनिटंच काय ती माझी आहेत. सोबतीला माणूस दिला की तो बोलतो. मी एखाद्या ओळीपाशी थांबलो की विचारतो, दम लागला का?

असो. शुक्रवारी फेरतपासणी आहे. पास झालो तर बंदी उठेल, असा शब्द घेतला आहे. काळजी नसावी.

तुझाच, एकही कडवं न विसरलेला.

ता.क. काळजी असावी. तपासणीत डोळे मिटून पडायचं असतं. बाई तळपायाला कापूस लावतात, लागला की 'हो' म्हणायचं. तू गुरुवारीच ये. शुक्रवारी माझ्या उशाशी बस आणि कापूस लागला की हलकेच खोक. तोंडी परीक्षेत तू मला असंच तारलेलं आहेस.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवायला सूनबाईंकडे दिलं, तर तिने पत्र उभ्याउभ्या वाचून काढलं. म्हणाली, डोळे मिटा, सराव करू. मी पाच वेळा छातीठोकपणे 'हो' म्हटलं. डोळे उघडले तेव्हा ती दारात उभी होती आणि कापूस टेबलावर होता.

तेव्हा खोकायला नको, चालायला ये. बंदी फक्त एकट्याने फिरण्यावर आहे. चांगला दोन महिने राहा. वहिनी लिहितात की तुला हल्ली मुळीच ऐकू येत नाही. ते वाचून फार बरं वाटलं. कानाचं यंत्र तेवढं घरी ठेवून ये.