पलटी शिकण्याचे दिवस

३ सप्टेंबर

पोहोचले एकदाची. दोन ट्रंका, एक शिवणयंत्र आणि माझी गुडघेदुखी, सगळं सुखरूप. बसमधून उतरते न उतरते तोच खारूने भर रस्त्यात मिठी मारून मला उचलायचा प्रयत्न केला. म्हणाली, मावशे, तू आणखी जाड झालीस, कयाकमध्ये काही तू मावायची नाहीस, तुला ती रुंद, उघडी कनूच लागणार. आल्या आल्या हे स्वागत!

खारू माझ्या धाकट्या बहिणीची. बहीण गेली तेव्हा ही अडीच वर्षांची होती, तेव्हापासून माझीच. गालात शेंगदाणे साठवून ठेवायची म्हणून खारू. आता एकोणीस वर्षांची झाली, तरी नाव तेच.

नोकरीही तिनेच लावून दिली. शाळेत बत्तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झाले आणि घरात भिंतींशी बोलायला लागले होते. इथे तिच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या वल्हे क्लबाचं सामानघर सांभाळायचं. तळ्याकाठी लांबलचक बोटघर आहे. खाली बोटी, वर माझी खोली. खिडकीतून लाकडी धक्का दिसतो आणि त्यापुढे पाणी, पाणी, पाणी. इतकं स्तब्ध की पलीकडची झाडं त्यात उलटी उभी असतात आणि खरी कुठली ते क्षणभर कळत नाही.

खारू रात्री इथेच झोपली. लहानपणापासूनची सवय, मी जवळ असले की माझा हात छातीवर घेतल्याशिवाय झोप येत नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांगू नकोस, अशी तंबी देऊन मग झोपली.

६ सप्टेंबर

कामाची घडी बसली. सकाळी जॅकेटं वाळत घालायची, हेल्मेटं पुसायची, मुलांनी सामान नेलं-आणलं की वहीत सह्या घ्यायच्या आणि बाकी वेळ शिवण. सगळ्यात जास्त फाटतो तो स्कर्ट. नेसायचा नव्हे! कयाकच्या भोकात बसल्यावर कमरेभोवती जे रबरी झाकण ताणून बसवतात, त्याला ही मुलं स्कर्ट म्हणतात. त्याने पाणी आत येत नाही. पुढे एक पट्टा असतो. बोट उलटली की तो ओढायचा, झाकण सुटतं, माणूस पोहून बाहेर. म्हणून पट्टा नेहमी बाहेर हवा. क्लबच्या कप्तानाने हे मला चारदा सांगितलं. मुलगा सौम्य आहे, फार अदबीने वागतो.

लांबू नावाचा उंच मुलगा गुडघ्याला पट्टी मागायला आला. डावा गुडघा सुजला होता. मी माझं मलम चोळून दिलं. म्हणाला, मावशी, तुम्ही आधी आला असतात तर मी पहिल्याच वर्षी पडलो असतो.

१० सप्टेंबर

आज मला कनूतून पलीकडच्या काठापर्यंत नेलं. खारू मागे, लांबू पुढे, मध्ये मी पोत्यासारखी. दोघं सारखी एकमेकांना टोमणे मारत होती. लांबू म्हणे, वल्हं मारतेयस की वरण ढवळतेयस? मी पाण्यात बोटं बुडवून बसले होते. कॉन्व्हेंटच्या सहली आठवल्या. आम्ही मुली अशाच रांगेत बसायचो, पांढरे मोजे सांभाळत, आणि सिस्टर गाणं सुरू करून द्यायच्या.

परत येताना खारूने तिचं दुःख सांगितलं. अठ्ठावीस तारखेला नदीवरची मोठी सहल आहे. ज्यांना पलटी येते त्यांनाच नेणार. पलटी म्हणजे बोट उलटल्यावर बाहेर न पडता वल्ह्याच्या हिसक्याने परत वर यायचं. अकराजणांना येते. खारूने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा पट्टा ओढून बाहेर आली. कप्तान म्हणाला, घाई नाही, सगळ्यांनाच जमतं. आणि एकदा जमलं की आमच्यातलं कुणी पुन्हा उलटत नाही.

१४ सप्टेंबर

लांबूला पलटी जमली! धक्क्यावर एकच कल्ला. वर आला तेव्हा हसत होता. थंडीने कुडकुडलाही नाही. मी टॉवेल घेऊन धावले तर नम्रपणे नको म्हणाला.

१५ सप्टेंबर

लांबू लंगडत आला. उजवा गुडघा सुजलेला. मी म्हटलं, आता हाही का? तर म्हणाला, हाच तर होता. वाटलं, वय झालं आपलं. संध्याकाळी सहज ही वही उघडून पाहिलं. मी डावा लिहिलंय.

१६ सप्टेंबर

सामानघरात सह्या घेताना लक्ष ठेवलं. पलटी येणारे आता बाराजण आहेत. बाराही जण डाव्या हाताने सही करतात. लांबूसुद्धा. मागची पानं काढून पाहिली. तेरा तारखेपर्यंत त्याची सही उजवीकडे कललेली आहे, आता डावीकडे. जी मुलं पट्टा ओढून पोहत बाहेर येतात, ती सगळी उजव्या हाताची.

बत्तीस वर्षं मुलींच्या हातात सुया दिल्या मी. कोण कुठल्या हाताचं, ते मला कळतं.

१८ सप्टेंबर

भर दुपार. लख्ख ऊन. हे मुद्दाम लिहितेय.

लांबू धक्क्याच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभा होता. मी जॅकेटं उचलत होते. सहज पाण्यात नजर गेली. त्याचं प्रतिबिंब कमरेवर हात ठेवून नव्हतं. दोन्ही तळवे वर करून आतून ठोकत होतं, काचेवर ठोकावं तसं. तोंड उघडं. आवाज नाही.

लांबूने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मावशी, ऊन फार आहे, आत चला, म्हणाला. अगदी प्रेमाने.

१९ सप्टेंबर

खारूला सगळं सांगितलं. आधी हसली, मग चिडली. म्हणाली, तुला पाण्याची भीती, जिन्याची भीती, कुत्र्याची भीती, तुझ्या भीतीपायी मी जन्मभर काठावर बसू का? मी म्हटलं, बस. ती म्हणाली, माझी आई असती तर ढकलून पाठवलं असतं तिने. हे तिने कधी म्हटलं नव्हतं. दार आपटून गेली.

कॉलेजच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी पाणी दिलं आणि रक्तदाब तपासून घ्या म्हणाल्या. डाव्या हाताने लिहीत होत्या. नसेलही काही. जगात डावखुरी माणसं असतात.

२० सप्टेंबर

खारूशी समेट झाला. रडली, मीही रडले. उद्याचा एक प्रयत्न करू दे म्हणाली, शेवटचा. मी वचन घेतलं की मनात पाच मोजायचे आणि पट्टा ओढायचा. वर यायची धडपड करायची नाही. कबूल म्हणाली. पट्टा ओढला की काही होत नाही, हे मी पाहिलंय. मुलं जशीच्या तशी बाहेर येतात, शिव्या देत, नाक शिंकरत.

दुपारभर बसून तिच्या स्कर्टाचा पट्टा नवा केला. लाल, जाड, दुहेरी टीप. आंधळ्यालाही सापडेल.

२१ सप्टेंबर

मला लिहायला हवं.

स्कर्ट मीच लावून देते म्हटलं. दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. मी वाकले. पाण्यात बाराजणांची प्रतिबिंबं होती, सगळी वर बघत. त्यात खालचा लांबू होता, तो मान हलवत होता, नाही, नाही. मी त्याच्याकडे बघत होते. माझे हात आपोआप झाकण भोकाच्या काठावर ताणत होते. कप्तानाने विचारलं, पट्टा? खारू म्हणाली, मावशीने लावलंय.

बोट उलटली.

एक, दोन, तीन, चार, पाच. पाण्याखाली तिचा हात दिसला, झाकणावर पुढे चाचपडत गेला. काहीच नव्हतं तिथे. लाल रंग कुठेच दिसत नव्हता. मी तो आत दाबला होता. मी. झाकणाखाली. माझ्या या हातांनी.

मी किंचाळले, पाण्यात उतरले. कप्तानाने मला दंडाला धरून ठेवलं. तो पाण्याकडे बघत नव्हता. हात चाचपडत राहिला. मग थांबला.

मग ती वर आली. अलगद, वल्ह्याच्या एका हिसक्याने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

२२ सप्टेंबर

खोलीत येऊन झोपली. माझा हात घेऊन छातीवर ठेवला.

डावीकडे काहीच लागेना. हात सरकवला.

उजवीकडे. शांत, एका लयीत.

२३ सप्टेंबर

अंथरुणाची घडी घातली तिने. माझी औषधं ओळीने मांडली. आज मला जाड म्हणाली नाही. दिवसभर उलटून एक शब्द बोलली नाही.

धक्क्यावर गेले. माझी खारू खाली आहे. मला पाहिलं तिने. ठोकत होती. मावशे, म्हणत होती, ओठांवरून कळतं मला. मी पाण्यात हात घातला. नुसतं पाणी. गार. तळाचा चिखल.

तिला सांगितलं, माझं चुकलं, बाळा. ऐकू जात नाही तिला.

२४ सप्टेंबर

विचार केला, पुन्हा उलटली तर पुन्हा अदलाबदल होईल. वरची खाली, खालची वर. वरचीला म्हटलं, मला परत एकदा करून दाखव ना. हसली. एकदा जमलं की झालं, मावशी.

धक्क्याजवळ ती बोटीत बसलेली असताना तिच्या बोटीला सगळा जोर लावून ढकललं. बोट हललीसुद्धा नाही. बाराही जण काठावर उभे राहून बघत होते. कुणी रागावलं नाही. लांबूने माझे ओले मोजे पिळून दिले.

२५ सप्टेंबर

लांबूचं प्रतिबिंब आता ठोकत नाही. तो हात वर करतो तेव्हा तेही करतं. थोडं मागून. झोपेत असल्यासारखं.

बाकीच्यांची तर केव्हाच —

म्हणजे असं होतं. विसरतात. मग नुसतं प्रतिबिंब उरतं.

खारू अजून ठोकतेय. हळू.

२६ सप्टेंबर

ठोकत नाही. बसून आहे. मी तिचं नाव वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून धरलं. उलटं लिहिलं, तिला सुलट दिसावं म्हणून. वाचलं. रडली असावी. पाण्यात कसं कळणार —

वरची मागून आली. खांद्यावर शाल घातली माझ्या.

खालच्या खारूचा हात उचलला गेला. तिला नको होता उचलायला. मी पाहिलं. दुसऱ्या हाताने तो दाबून धरत होती.

२७ सप्टेंबर

घरी जाऊन काय करू? कुणाला सांगू? ती तिथे एकटी आहे. अडीच वर्षांची असल्यापासून एक रात्र एकटी झोपली नाही ती. मी तिथे पाठवली.

कप्तानाला विचारलं, मला शिकवाल का? अगदी आनंदला. या वयात! म्हणाला. उद्या नदीवर जाण्याआधी, सकाळीच. सर्वांत रुंद कयाक काढून ठेवतो म्हणाला.

खाली गेल्यावर कदाचित आम्ही एकमेकींजवळ — कदाचित मी तिला आठवण करून देत राहीन. रोज. नाव सांगत राहीन.

मला पाण्यात उलटं राहून तग धरता येणार नाही, पोहणंही जेमतेमच येतं. काही हरकत नाही.

२८ सप्टेंबर

धक्क्यावर बसलेय. बोट आणायला गेलेत बाकी सगळे. ऊन पडलंय. पाणी काचेसारखं.

खारू खाली आहे. वरची शेजारी बसून केस विंचरतेय. खालचीही विंचरतेय. बरोबरीने. मागे राहत नाही.

हाक मारली. दोघींनी मान वळवली. एकदम. खालचीच्या डोळ्यांत —

मला ओळखत नाही.

नको. मग नको. उठते. घरी —

बोट आली. वरचीने माझा हात धरलाय. मऊ आहे हात. सोडत नाही. कप्तान म्हणतोय, बसा, मावशी, घाबरायचं काय त्यात. पाण्यात मीही दिसतेय, धक्क्यावर बसलेली, वही मांडीवर. हेल्मेट अजून माझ्या बाजूला पडलंय, मी घातलेलं नाही.

खालच्या बाईने घातलंय. पट्टी बांधतेय हनुवटीखाली. हसतेय. तिने वही बाजूला ठेव