भिंतीतल्या भोकातला बोळा

मंगळवार, १६ नोव्हेंबर २०१०. वॉटरफोर्ड, आयर्लंड. संध्याकाळ

घर तापवणाऱ्या बॉयलरचा गॅसचा पाइप बदलायला आज माणूस आला होता. नवा पाइप जोडून त्याने गळती तपासली, "ग्रँड" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. मग बॉयलरच्या वर भिंतीत हवेसाठी भोक आहे, त्यातून त्याने आईच्या जुन्या साडीचा बोळा ओढून काढला. मला वाटलं, हसेल. हसला नाही. "हे बुजवून बॉयलर चालवलात तर विषारी वायू घरातच साठतो. त्याला वासही नसतो. घरात कुणाचं डोकं दुखतं का?"

माझ्या ईराचं. दोन आठवडे, रोज सकाळी. शाळा बुडवायची नाटकं म्हणून मी तिच्यावर ओरडले. बाम चोळून पाठवली. कितीदा? उद्या आधी डॉक्टरकडे.

थंडी येते म्हणून तो बोळा मीच कोंबला. रविवारी आईला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा, तुझी साडी बघ कशी कामी आली.

आता भोक उघडं आहे. गार वारा थेट टेबलावर येतोय. समोर ईरा गृहपाठ करतेय. मान वर न करताच म्हणाली, "मम्मी, इट्स फ्रीझिंग. पुट द सारी बॅक."