डॅशबोर्डची डावी बाजू

प्रिय दादा,

शिवाप्पाने पकडीत रेक्झिनचा कोपरा धरला आणि ओढला. ते उजवीकडून डावीकडे सालीसारखं निघत आलं, स्पीडोमीटरच्या खालून, राखदाणीच्या वरून, आणि डाव्या टोकाला येऊन अडकलं. तिथे गोंद जास्त होता. बाकी फ्रेमला पातळ हात, आणि त्या एका जागी थापल्यासारखा. त्याने पातं घालून खरवडलं. खाली मूळचा फिकट निळा रंग दिसला आणि त्या रंगात, वरच्या कडेला, वाटीच्या बुडाएवढा खड्डा. “अक्का, हितं कुणीतरी डोस्कं आपटलंय बघा,” तो म्हणाला आणि हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

हे कालचं. आज लिहायला बसले आहे, कारण फोनवर तू हो आणि नाही यापलीकडे बोलत नाहीस आणि मागे कुणीतरी सलाम ठोकत उभं असतं.

आबा गेल्यावर तू एकच गोष्ट मागितलीस, त्यांची फियाट. गावच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी, चाकं मातीत रुतलेली. तू म्हणालास, पहिल्यासारखी करून घेऊ, आईला तीत बसवून जोतिबाला नेऊ. मला बरं वाटलं. उद्यमनगरातलं शिवाप्पाचं गॅरेजही तूच शोधलंस, तिकडे सीमेवर बसून. मी शाळेत शिकवून सुटले की तिथे जाते आणि तू सांगितलंस म्हणून फोटो पाठवते. प्रत्येक वेळी तुझं एकच उत्तर येतं: मूळचं होतं तसं. सीटचं कापड मूळचं. दाराच्या मुठी मूळच्या. हॉर्नचा आवाजसुद्धा. फक्त डॅशबोर्डच्या फ्रेमचा प्रश्न आला तेव्हा तू मूळचं म्हणाला नाहीस. तू काहीच म्हणाला नाहीस.

शिवाप्पाने पत्र्याचे तीन तुकडे रंगवून बॉनेटवर मांडले होते. एक चकचकीत फिकट निळा, कंपनीतून आला होता तसा. एक क्रोम. एक काळपट हॅमरटोन, लेथ मशीनला मारतात तो. वाळताना त्यात ठोकल्यासारखे बारीक खळगे उठतात. मी निळ्यावर बोट ठेवलं. शिवाप्पाने मान खाजवली. “चकचकीत लई वाईट अक्का. शेजारणीगत असतंय. काय बी झाकू देत न्हाय. हॅमरटोन मारला की खड्डा हाय का न्हाय, देवाला बी कळायचं न्हाय.” मी म्हटलं, मग खड्डा मागून ठोकून काढा. तो म्हणाला, फ्रेम बॉडीला जोडलेली आहे, मागून हातोडा जात नाही, आणि पुट्टी भरली तर उन्हाने तडकेल. “आणि साहेबांनी हॅमरटोनच सांगितलाय की.” मी विचारलं, कधी. तो म्हणाला, गाडी आली त्याच दिवशी.

गाडी आली त्या दिवशी फ्रेमवर रेक्झिन होतं. खाली खड्डा आहे हे शिवाप्पाला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं.

त्या अपघाताची गोष्ट आपल्या घरात एकाच पद्धतीने सांगितली जाते. मी अकरा वर्षांची, तू सतरा. तू आणि आबा पाहुण्यांच्या लग्नाहून परत येत होता. केर्लीच्या फाट्याजवळ गाडीने पिराजीला मागून उडवलं आणि ती वडावर आदळली. पिराजी दूध घालून सायकलवरून घरी चालला होता. त्याचा पाय मोडला तो पुन्हा नीट बसला नाही. आबा चालवत होते. ते प्यालेले होते. तू मागच्या सीटवर झोपला होतास. पुढची डावी सीट रिकामी होती. आबांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटून फुटलं. पोलिसांत, कोर्टात, घरात आबांनी हेच सांगितलं आणि मरेपर्यंत त्यातला शब्द बदलला नाही. आता मला तेच खटकतं. आबा दुसरी कुठलीही गोष्ट दोनदा सारखी सांगत नसत.

आईला अपघात लागला नाही, शपथ लागली. आदल्या चैत्रात आबांनी जोतिबाच्या पायरीवर हात ठेवून तिला शब्द दिला होता: प्यालो तर स्टिअरिंगला हात लावणार नाही. पिणार नाही असं ते म्हणाले नव्हते. तेवढे ते प्रामाणिक होते. अपघातानंतर आईने त्यांना वाढलं, त्यांची आजारपणं काढली, त्यांच्याशी भांडली, पण देवघरातल्या टाकांना हात लावू दिला नाही. सगळ्या देवांचे आणि आपल्या माणसांचे ते चांदीचे छोटे पत्रे ती एकटी धूत असे, एकटी पुसत असे. खंडेनवमीला शेडमध्ये बंद गाडीची पूजा व्हायची ती तुझ्या हातून. हळद, कुंकू, झेंडूची माळ. आबा शेडच्या बाहेर पायात चपला ठेवून उभे राहायचे. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून आत येत नाहीत. तू नारळ फोडायचास आणि पहिला तुकडा आबांना नेऊन द्यायचास. ते घ्यायचे.

आज दुपारी मी गाडीत बसून पाहिलं. आधी उजवीकडे. शिवाप्पा चहाचा ग्लास घेऊन आला. “कुठं निघालासा अक्का? इंजिन भाईर हाय.” स्टिअरिंगवर वाकले तर कपाळ चाकाच्या वरून पुढे जातं आणि चाक छातीत रुततं. मग डावीकडे बसले आणि वाकले. कपाळ फ्रेमच्या कडेला टेकलं, खड्ड्याच्या अगदी जवळ. आबा माझ्यापेक्षा उंच होते, त्यांचं कपाळ नेमकं कुठे आलं असतं हे मला सांगता येत नाही. सांगता येत नाही, हे इथे लिहून ठेवते.

पण गाडीत बसल्यावर दुसरं आठवलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी आई तुझ्या छातीला आंबेहळद लावत होती आणि वाटी माझ्या हातात होती. तू भिंतीकडे तोंड करून बसला होतास, आईने खांदा धरून वळवलं. तुझ्या छातीवर काळानिळा वळ होता. आडवा नाही, पसरट नाही. गोल. अर्ध्या ताटाच्या कडेसारखा. तू म्हणालास, पुढच्या सीटवर आपटलो. आई म्हणाली, “सीट न्हवं, दगड होता वाटतं.” तू ओरडलास, की हात हळू लाव. गाडीत नव्या सीटा बसल्या, पण त्या जुन्या अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडल्या आहेत. मी जाऊन पाठीवर मूठ मारून पाहिली. आत काथ्या आहे आणि स्प्रिंगा आहेत. तिच्यावर आपटून माणसाच्या छातीवर गोल वळ कसा उठेल?

आणि रेक्झिन. आबांना पाकीटसुद्धा नीट चिकटवता येत नसे. एनडीएची मुलाखत देऊन तू आलास, त्या सुट्टीत एक दुपार तू शेडमध्ये होतास. मी दार ढकललं तर आतून कडी. बाहेर आलास तेव्हा हाताला गोंदाचा वास. मी विचारलं काय करतोस, तू म्हणालास गाडी सजवतोय. मला ते खरं वाटलं. पुन्हा कधीही चालणार नाही अशा गाडीला कुणी आतून का सजवावं, हे विचारायचं वय नव्हतं. भंगारवाले दर उन्हाळ्यात यायचे. आबा त्यांना पाणी द्यायचे आणि म्हणायचे, असू दे, उभी राहू दे. मला वाटायचं हट्ट आहे. आता वाटतं, कुणीतरी एकदा ते रेक्झिन काढावं असं त्यांना वाटत असेल. किंवा कुणी काढू नये असं.

आज सकाळी पिराजी दूध घालायला आला तेव्हा मी त्यालाही विचारलं. तू म्हणशील, कशाला. आईची आंघोळ चालू होती. मी विचारलं, त्या दिवशी गाडीतून तुमच्याकडे पहिलं कोण आलं. “आबाच की. तोंडाला वास येत हुता आणि रडत हुतं. मलाच म्हणत हुतं, पिराजी, तू रडू नगंस.” मी विचारलं, कुठल्या दारानं उतरले. त्याने माप दुधात बुडवलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. मग म्हणाला, “ताई, माणूस गेलं. आता दारं कशाला मोजत बसलासा?” त्याला माहीत आहे, किंवा त्याला माझा कंटाळा आला आहे. दोन्ही असू शकतं. जाताना जिन्यात त्याचा मोडका पाय प्रत्येक पायरीवर वाजला.

मला वाटतं ते लिहिते. आबा प्याले होते म्हणूनच ते चालवत नव्हते. जोतिबाला दिलेला शब्द राहावा म्हणून त्यांनी चावी तुझ्या हातात दिली, लायसन्स नसलेल्या पोराच्या, आणि स्वतः शेजारी बसून डुलक्या घेतल्या. पुढच्या महिन्यात तुझी मुलाखत होती. पोलीस केस तुझ्या नावावर झाली असती तर तू आज तिकडे नसतास. बाकीचं त्यांनी फाट्यावरच ठरवलं असणार, कपाळाचं रक्त डोळ्यांत येत असताना. चूक कुणाची हे मी विचारत नाही. दारू पिऊन पोराच्या हातात गाडी देणारा बाप देवमाणूस नव्हे. पण त्याने शपथ मोडली नव्हती. तेवढी एकच गोष्ट त्याने धड पाळली, आणि तिच्याच मोडण्याची शिक्षा घरात भोगली, तुझ्या समोर, तुझ्या हातचा नारळ खात.

माझं चुकत असेल तर तसं लिही. मला चुकायला आवडेल. तू गाडी मागितलीस तेव्हा मला वाटलं तुला आबा हवे आहेत. काल संध्याकाळपासून वाटतंय, तुला गाडी नको होती, ही फ्रेम हवी होती. ते रेक्झिन कुजत आलं होतं. आज ना उद्या ते आपोआप सुटलं असतं.

आता हे पत्र का, ते. पुढच्या महिन्यात आबांना वर्ष होतं. नवरात्राआधी आई टाक उजळायला गुजरीत सोनाराकडे नेईल. वर्ष झालेल्या माणसाचा टाक त्याच वेळी करून देवघरात बसवायचा, ही आपल्या घरची रीत. आजोबांचा आहे, आजीचा आहे. मी विषय काढला. आईने हातातली वात खाली ठेवली. “शपथ मोडल्याल्या माणसाला चांदीत बसवू? शेजारी जोतिबा हाय. त्यो उठून जाईल.” तिने सत्तरी ओलांडली आहे आणि ती मागे टाकलेलं काम पुन्हा हातात घेत नाही. या नवरात्राला आबांचा टाक झाला नाही, तर तो कधीच होणार नाही. मी तिला सांगू शकते. माझ्याकडे खड्डा आहे, वळ आहे, रेक्झिन आहे. पण ती म्हणेल, संयूला लहानपणापासून संशयाची खोड. ते खरंही आहे. तिला पटेल ते फक्त तुझ्या तोंडून. म्हणून शिवाप्पाला मी सांगून आले आहे, साहेबांचं पत्र येईपर्यंत फ्रेमला हात लावू नका. तू मला एका शब्दात कळव. निळा म्हणालास तर मी समजेन, तू आईशी बोलणार आहेस. हॅमरटोन म्हणालास तर तोच मारून घेईन, फोटो पाठवीन, आणि पुन्हा विचारणार नाही. पण मग खंडेनवमीच्या पूजेला येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
संयू

सकाळी. आईला राजारामपुरीत डॉक्टरांना दाखवून, पत्र टाकायच्या आधी गॅरेजवर आले. आई माझ्यासोबत आहे. शिवाप्पाने काल संध्याकाळीच हॅमरटोन मारला. म्हणाला, “साहेबांचा फोन आलता. अक्कांस्नी इचारू नका म्हणाले.” काम चांगलं झालं आहे, बघून काही कळत नाही. आईला गाडीत बसायचं होतं. ती डाव्या बाजूने चढली, आधाराला फ्रेमवर हात टेकला, आणि हात तिथेच राहिला. तिने बोटं फिरवली. “हितं काय झालंय?” मी म्हटलं, दादाला विचार. तिने तुला फोन लावायला सांगितला. तू उचलला नाहीस. हे बॉनेटवर ठेवून लिहिते आहे. ती अजून गाडीतच बसली आहे.