चौथी लाल नोंद

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (खरोखर खुर्चीतून उठून वाकले. खोलीत कोणी नाही ना, हे आधी बघून घेतलं. नोकरी लागल्यापासून ही नवी सवय.) तुझा डावा गुडघा कसा आहे? का दुखणारा उजवा होता? माझ्या डाव्या-उजव्याचं काय झालं ते पुढे येईलच, म्हणून विचारलेलं बरं. बाबांचा खोकला, आईची झोप आणि तुझं सगळ्यांवर लक्ष, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. फोन केला असता. पण घाईचं असेल ते फोनवर सांगावं आणि महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहावं, हे तूच शिकवलंस. हे महत्त्वाचं आहे.

आधी आनंदाची बातमी. मी नोकरीत कायम झाले. तसं पत्र हातात आलं आहे आणि त्यात माझ्या 'वर्तनात लक्षणीय सुधारणा' झाल्याचं लिहिलं आहे. ही सुधारणा कशी झाली हे तुला कळवणं भाग आहे, कारण मुळात बिघाड तू केला होतास. (रागावू नकोस. किंवा रागाव. तू रागावलीस तर मला जरा बरं वाटेल.)

चौथीपर्यंत मला शाळेत न पाठवता तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलंस. पाढे मी विसरले, पण बाकीचं अंगात मुरलं. मोठं माणूस आलं की उठून उभं राहायचं. सांडलेलं दिसलं की पुसायचं, कोणी सांडलं ते मागाहून. आणि काही बिनसलं की ज्याला आधी सुचेल त्याने माफी मागून मोकळं व्हायचं. या तीन नियमांवर आपली सात माणसं एका न्हाणीघरात सुखाने नांदली. मला वाटलं, जग म्हणजे जरा मोठं न्हाणीघर असेल.

आमच्याकडे चष्म्याच्या काचा तयार होतात. दुकानांतून नंबर लिहिलेले कागद येतात, ते मी संगणकात भरते. आतली माणसं त्याप्रमाणे काचा घासतात. शेवटी तपासणीबाई एकेक काच यंत्राखाली धरून मूळ कागदाशी ताडून बघतात आणि मग माल बाहेर पडतो. पहिली मी, शेवटच्या त्या. साहेबांच्या खोलीतून स्वच्छतागृहाकडे जायची वाट माझ्या टेबलावरून जाते आणि साहेबांना मधुमेह आहे. पहिल्या दिवशी मी जाता-येता मिळून बावीस वेळा उठून उभी राहिले. संध्याकाळी मला निरोप आला की साहेबांच्या फेऱ्या मोजणं बंद करा.

मग आम्हा नवीन लोकांसाठी वर्ग झाला. एक बाई तीन तास 'प्रोफेशनल' कसं वागावं ते शिकवत होत्या. भावना दाराबाहेर ठेवायच्या (दाराबाहेर चपलाच इतक्या होत्या की जागा नव्हती). विचारल्याशिवाय बोलायचं नाही. चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. एवढं सांगून होईतो पडद्यावरचं चित्र गेलं आणि बाई ओरडल्या, "वायर कोणी ओढली?" मी म्हणाले, "सॉरी." आत्या, मी वायरपासून तीन रांगा लांब होते.

पहिली काच परत आली तेव्हा मी हेच केलं. काच घासणी विभागात बिघडली होती, हे घासणी विभागासकट सगळ्यांना ठाऊक होतं. दोन दिवस मेलवरून तू-तू मैं-मैं चाललेली बघून मला तुझी आठवण झाली आणि मी सगळ्यांना लिहिलं, 'माझ्याकडून काही राहिलं असल्यास क्षमा असावी.' दोन मिनिटांत घासणीच्या मुकादमांचं उत्तर आलं, 'आभारी आहे. विषय मिटला.' खरंच मिटला. माझ्या नावावर लाल नोंद झाली. मुकादम इतके खूश झाले की त्यांनी आपल्या खुर्चीची गादी मला दिली. पुढच्याच महिन्यात दुसरी नोंद आणि तिसरीही. तोवर लोकांना सवय लागली होती. काही बिघडलं की ते माझ्याकडे प्रेमाने बघायचे. पाण्याचं यंत्र गळत होतं, मी फरशी पुसली, दुपारी चौघांनी विचारलं, "ते तू मोडलंस का गं?" चौथी लाल नोंद झाली की घरी पाठवतात, हे मला साहेबांनी तेव्हा सांगितलं. म्हणाले, "तुमचा स्वभाव छान आहे. तो घरी ठेवून येत जा."

जेवणाच्या सुट्टीत तपासणीबाईंनी मला जिन्यात गाठलं. "अगं वेडे," त्या म्हणाल्या, "इथे माफी म्हणजे सही असते. समोर येईल त्या कागदावर करत सुटू नकोस." त्यांचं वागणं तुझ्यासारखं. माझा आकडा चुकला तर लाल नोंदीचा कागद काढायच्या नाहीत. माझ्या टेबलाशी यायच्या, मूळ कागद ठेवायच्या, चुकलेल्या जागी नखाने एकदा टकटक करायच्या आणि निघून जायच्या. सहा महिन्यांत नऊ वेळा. (मी मोजल्या आहेत. फेऱ्या मोजणं बंद केलं, पण हे मोजत होते.)

दहाव्या वेळी टकटक झाली नाही. साहेबांनी एक माणूस कमी केल्यामुळे त्या दिवशी बाई दोन टेबलं सांभाळत होत्या. एका बसचालकाचा कागद होता आणि मी उजव्या डोळ्याचा नंबर डाव्यात भरला. मी, आत्या. घासणीने नव्हे, पद्धतीने नव्हे. तो चष्मा घालून त्याला रस्ता वर उचलल्यासारखा दिसायला लागला. आठ दिवस त्याला बसवर चढू दिलं नाही. मग तो स्वतः आमच्याकडे आला आणि चष्म्याची डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बाकावर बसून राहिला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सवयीने माझ्या तोंडून 'सॉरी' निघून गेलं असतं.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "हे कोणाकडून गेलं?" तक्रार आल्यावर काढून पाहिलेला मूळ कागद माझ्या खणात होता. मी वहीत बघत राहिले. माझं नाव घेऊन विचारतील तेव्हा बोलेन असं ठरवलं, कारण वर्गात तसंच शिकवलं होतं. तपासणीबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, नखाने टकटक केल्यासारखं. मी पान उलटलं. त्या म्हणाल्या, "तपासणी माझी. माझ्या नजरेतून सुटलं."

"अकरा वर्षं झाली ना तुम्हाला?" साहेब म्हणाले. मग पुढचा विषय घेतला. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली की शनिवारनंतर बाईंची गरज नाही.

जिन्यात बाई भेटल्या. "बोलली नाहीस ते बरं केलंस," म्हणाल्या. "शिकलीस." ही शाबासकी होती की थप्पड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. संध्याकाळी साहेब कायमपणाचं पत्र द्यायला स्वतः माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "आता तुम्ही प्रोफेशनल झालात." मी उठून उभी राहिले नाही.

असं सगळं छान चाललं आहे. बाबांना फक्त पहिली बातमी सांग.

तुझी भाची
(कायम)

ता.क. या पाकिटात दुसरं एक पाकीट आहे. त्यात चौथी लाल नोंद मी स्वतः भरली आहे, बसचालकाचा मूळ कागद जोडला आहे आणि खाली सही केली आहे. वर साहेबांचा पत्ता आणि तिकीटही आहे. तुला योग्य वाटलं तर ते तेवढं पेटीत टाक. माझा हात होत नाही. वर्गातल्या बाई याला जबाबदारीचं वाटप म्हणायच्या.

ता.क. २. मी सात वर्षांची असताना बाबांचा चष्मा माझ्या हातून फुटला होता आणि मी तुला म्हणाले होते, "तू सांग ना त्यांना." तू तुकडे एका ताटलीत घालून ताटली माझ्या हातात दिलीस, बाबांच्या दारापर्यंत माझ्याबरोबर आलीस आणि बाहेर थांबलीस. तेव्हा ते पाकीट तू पेटीत टाकणार नाहीस. न उघडता मलाच परत पाठवशील, हे मला माहीत आहे.

ता.क. ३. पत्र तुझ्याकडे पोहोचायला तीन दिवस लागतात, परत यायला तीन. आज गुरुवार. बाईंचा शेवटचा दिवस परवा आहे. हे गणित मी पत्र लिहायला बसायच्या आधीच केलं होतं. फोन त्यासाठीच केला नाही.